बिल कोणाच्या नावावर आहे?

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा संदेश मी दोनदा वाचला. फोनवरही बोलता आले असते. परंतु पैशाचे बोलणे ऐकताना पटते आणि प्रत्यक्ष वेळ आली की त्यातले निम्मे आठवत नाही, हे बँकेच्या कर्ज विभागात बसून एकतीस वर्षे पाहिले आहे, म्हणून लिहूनच उत्तर देतो. कर्वेनगरच्या तुमच्या भाड्याच्या फ्लॅटचे दोन महिन्यांचे वीजबिल मिळून ४,२८० रुपये थकले आहेत, तिघींपैकी एक जण आपला वाटा न देताच नोकरी बदलून बंगळुरूला निघून गेली, महिनाअखेर असल्यामुळे तुझ्या खात्यात तेवढी रक्कम नाही, आणि ‘लाइट बिल थकले की सिबिल खराब होते’ असे ऑफिसात कोणीतरी सांगितल्यामुळे तू मोबाइलवरच्या एका ॲपवरून १०,००० रुपयांचे कर्ज काढून ते बिल भरण्याच्या विचारात आहेस. बाकीचे पत्र वाचण्याआधी एवढे वाच: ते कर्ज काढू नकोस. ज्या थकबाकीची तुझ्या पत अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदपत्रकात, नोंद होत नाही, ती मिटवण्यासाठी तू ज्याची नोंद पहिल्या दिवसापासून होते असे कर्ज अंगावर घेऊ पाहत आहेस.

तुझ्या संदेशाच्या शेवटी, जाता जाता सांगावे तसे एक वाक्य आहे. कोल्हापूरला असताना तू वापरत होतीस तो पोस्टपेड नंबर गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केलास, आणि हल्ली जुन्या कंपनीच्या नावाने १,१७८ रुपये बाकी असल्याचे संदेश येतात, ते फसवणुकीचे असतील असे समजून तू ते काढून टाकतेस. मला काळजी वाटली ती या वाक्यामुळे. ४,२८० रुपयांनी तुझी झोप उडवली आहे आणि १,१७८ रुपयांकडे तू लक्षही दिलेले नाहीस. पतीच्या हिशेबात मात्र भीती नेमकी उलट्या बाजूला असायला हवी होती. (‘पत’ या शब्दाची षष्ठी ‘पतीच्या’ अशी होते म्हणून तुझ्या वयाची मुले तो शब्द टाळतात आणि ‘क्रेडिट’ म्हणतात. शब्द कोणताही वापर, अर्थ एकच आहे: या व्यक्तीला दिलेले पैसे वेळेवर परत येतात की नाही, याविषयी चार लोकांचा झालेला समज.)

हा समज आपल्या देशात कसा लिहिला जातो ते आधी समजून घे. २००५ सालच्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने चार कंपन्यांना परवानगी दिलेली आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. म्हणून वनस्पती तुपाला जसे सगळे डालडा म्हणत, तसे आपण चौघींच्याही अहवालाला सिबिलच म्हणतो. या कंपन्या स्वतः कोणाची चौकशी करत फिरत नाहीत. बँका, सहकारी बँका, वित्तसंस्था, कार्ड देणाऱ्या कंपन्या या त्यांच्या सभासद असतात आणि आपापल्या खातेदारांची माहिती ठरलेल्या मुदतीने पाठवतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात भरून टाकू, तोवर कोणाला कळते’ हा जुना हिशेब आता चालत नाही. आलेल्या माहितीवरून ३०० ते ९०० या पट्ट्यात एक आकडा काढला जातो, तो तुझा स्कोअर.

आता या व्यवस्थेत महावितरण कुठे आहे? कुठेही नाही. वीज कंपनी तुला कर्ज देत नाही. ती वीज देते आणि तिचे पैसे मागते. म्हणून तुमच्या फ्लॅटच्या बिलावर ‘मागील थकबाकी’ या रकान्यात दिसणारी रक्कम पत अहवालात कर्जाप्रमाणे लिहिली जात नाही. पाणीपट्टी, घरपट्टी, नळाच्या गॅसचे बिल, सोसायटीचा देखभाल खर्च यांचेही सर्वसाधारणपणे तसेच आहे. शिवाय तुमच्या बाबतीत ते बिल तुझ्या नावावर नाहीच, ते घरमालकांच्या नावावर आहे. बिलाच्या वरच्या बाजूला बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि त्याच्या जवळ नाव छापलेले असते; ते कागद हातात घेऊन एकदा वाच. घरात येणाऱ्या प्रत्येक बिलाविषयी पहिला प्रश्न रकमेचा नसून नावाचा असतो, कारण रक्कम भरली की संपते, परंतु ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याकडे मागणी पुन्हा पुन्हा येत राहते.

वीजबिल थकले की पत खराब होते हा समज अमेरिकेतल्या पद्धतीवरून आपल्याकडे आला असावा, असे मला वाटते. तिथे वीज, पाणी किंवा फोनचे बिल फार काळ थकले तर ते वसुली संस्थेकडे सोपवले किंवा विकले जाते, आणि ती संस्था पतमाहिती कंपन्यांना कळवते; ती नोंद सात वर्षांपर्यंत राहू शकते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना याचा चांगलाच अनुभव असतो आणि सुट्टीत घरी आले की ते तसे सांगतातही. त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर आहे. आपल्याकडेही हे चित्र कायम असेच राहील असे समजू नकोस. वाय. एम. देवस्थळी यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या कृतिदलाने २०१८ साली सार्वजनिक पतनोंदणीची, म्हणजे देशातल्या सगळ्या कर्जांच्या एकाच नोंदवहीची, शिफारस केली, तेव्हा करभरणा आणि अशा सेवांची बिले यांच्या माहितीशी ती नोंदणी जोडावी असा विचार त्यात मांडलेला होता.

पोस्टपेड फोनची आणि ब्रॉडबँडची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि हीच माझ्या पत्राची खरी गाभ्याची बाब आहे. दूरसंचार कंपन्या पतमाहिती कंपन्यांच्या सभासद होऊ शकतात आणि झालेल्याही आहेत. अहवालात गृहकर्ज, वाहनकर्ज, क्रेडिट कार्ड असे खात्याचे जे प्रकार असतात, त्यांत मोबाइल, लँडलाइन आणि ब्रॉडबँड हेही स्वतंत्र प्रकार आहेत. प्रीपेडचा यात संबंध नाही, कारण तिथे पैसे आधी देऊन झालेले असतात. पोस्टपेडमध्ये महिनाभर आधी वापरायचे आणि मागून द्यायचे, म्हणजे व्यवहार उधारीचाच आहे. किराणा दुकानात वहीवर लिहायला सांगावे तसा, फक्त ही वही दुकानदार चार जणांना दाखवतो.

मी नोकरीत असतानाची एक फाइल सांगतो. आमच्या शाखेत एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांचा गृहकर्जाचा अर्ज आला होता. पगार नियमित, पत्नीही नोकरीत, कुठेही थकबाकी नाही, सोसायटीच्या पतपेढीचे कर्ज मुदतीआधी फेडलेले. अशी फाइल आली की कर्ज विभागातल्या माणसाचा दिवस चांगला जातो. मी त्यांचा अहवाल काढला. पहिली चार खाती स्वच्छ होती. प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या छोट्या चौकटींची रांग असते, छत्तीस महिन्यांची, आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा असतो. वेळेवर आला तर तीन शून्ये. पानेच्या पाने शून्यांनी भरलेली पाहिली की बरे वाटते. पाचव्या खात्यात मात्र ती रांग एकदम बदलली: आधी तीस, मग साठ, मग नव्वद, मग वाढतच गेलेली, आणि वर ‘राइट-ऑफ’ असा शेरा. रक्कम होती ८६७ रुपये. खाते होते इंटरनेटच्या डोंगलचे. मुलाच्या बारावीच्या वर्षी त्यांनी ते घेतले, परीक्षा संपल्यावर ते खणात ठेवून दिले, आणि ‘वापरत नाही म्हणजे बंद झाले’ असे धरून चालले. कंपनीच्या लेखी ते चालूच होते; भाडे लागत राहिले, बिले जुन्या पत्त्यावर गेली, शेवटी कंपनीने जोडणी तोडली आणि रक्कम बुडीत धरून तसे कळवून टाकले.

सर तेव्हा माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेले होते. मी पडदा त्यांच्याकडे वळवून ती ओळ दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “हे मी आत्ता खिशातून देतो हो.” देता येत नव्हते, हीच अडचण होती. पैसे कंपनीला भरायचे, तिच्याकडून बाकी नसल्याचे पत्र घ्यायचे, तिने पतमाहिती कंपनीला सुधारित माहिती पाठवायची, ती अहवालात उतरायची, आणि मग मी वरिष्ठ कार्यालयाकडे फाइल पाठवायची. यात सात आठवडे गेले. फ्लॅटच्या मालकाला दिलेल्या विसाराची मुदत मधेच संपली, आणि त्यांनी ती दोनदा वाढवून दिली म्हणून त्या कुटुंबाचे घर वाचले. दुसऱ्या कोणी विसार जप्तही केला असता. त्या दिवशी मी सरांना थोडे तोडून बोललो होतो, ‘शिकलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती’ असे काहीसे. ते मला आजही लागून राहिले आहे, कारण पुढे पाहिलेल्या अशा बहुतेक प्रकरणांत माणूस बेपर्वा नव्हता. शेवटचे बिल त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

तुझ्या १,१७८ रुपयांचेही असेच झाले असावे. नंबर पोर्ट करताना मागचे मुदत उलटलेले बिल बाकी असेल तर विनंती फेटाळली जाते, म्हणून आपली समजूत होते की पोर्ट झाला म्हणजे हिशेब मिटला. परंतु शेवटच्या बिलाच्या तारखेपासून नंबर प्रत्यक्ष हलवला जाईपर्यंतच्या दिवसांचा आकार तेव्हा लागलेलाच नसतो. त्याचे बिल नंतर निघते आणि ज्या ई-मेलवर किंवा पत्त्यावर तू आता नाहीस तिकडे जाते. संदेशांवर विश्वास ठेवू नये हे तुझे म्हणणे अगदी योग्य आहे आणि त्यातल्या दुव्यावर बोटही लावू नकोस. मात्र ते खरे की खोटे हे ठरवण्याचा मार्ग संदेश पुसणे हा नव्हे. त्या कंपनीच्या स्वतःच्या दालनात जा, किंवा तिच्या अधिकृत ग्राहक सेवेला तू स्वतःहून फोन कर, जुना नंबर सांग आणि शेवटच्या बिलाची प्रत माग. बाकी खरी असेल तर पूर्ण भर, पावती घे आणि ‘काहीही येणे बाकी नाही’ असे पत्र लेखी किंवा ई-मेलने माग. तोंडी ‘झाले मॅडम’ यावर उठून येऊ नकोस.

इथे एक सापळा आहे, तो नीट ध्यानात घे. वसुलीसाठी फोन करणारा माणूस अनेकदा म्हणतो, “१,१७८ राहू द्या, ७०० भरा, सेटल करून टाकतो.” ऐकायला ही सवलत वाटते. अहवालात मात्र पूर्ण रक्कम भरून मिटवलेले खाते ‘बंद’ असे दिसते आणि तडजोडीने मिटवलेले ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि कर्ज देणारा दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘या व्यक्तीने पूर्ण दिले नाहीत’ असाच घेतो. नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. ४७८ रुपये वाचवून सात वर्षे तो शब्द मागे ओढत फिरण्याइतकी तू गरीब नाहीस. ज्यांच्यावर आजारपणामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे लाखोंचे कर्ज चढले आहे, त्यांच्यासाठी तडजोड हा नाइलाजाचा आणि कधी कधी योग्य मार्ग असतो; फोनच्या बिलासाठी तो नव्हे. अशा बाकीसाठी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तरी घाबरू नकोस आणि ती फेकूनही देऊ नकोस. ती तडजोडीसाठी दिलेली तारीख असते, अटकेचे वॉरंट नसते.

आता पुन्हा त्या वीजबिलाकडे येतो. ते भरण्याचा पडदा तू मोबाइलवर उघडतेस तेव्हा ग्राहक क्रमांक आणि रक्कम दिसल्यावर खाली पैसे कशातून द्यायचे ते विचारले जाते. तिथे तुझे बचत खाते असते, क्रेडिट कार्ड असते, आणि ‘आत्ता भरा, नंतर द्या’ असे लिहिलेले एक आकर्षक बटणही असते. हल्ली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येत असल्यामुळे पिन टाकताना हे सगळे पर्याय सारखेच वाटतात, आणि महावितरणला तर पैसे मिळाल्याशी काम. परंतु बचत खात्यातून भरलेस तर व्यवहार तिथेच संपतो. दुसऱ्या दोन्हींत वीज कंपनीचे देणे मिटते आणि त्या जागी बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे देणे उभे राहते. घरखर्चाची बिले पतीला बाधतात ती बहुतेक वेळा या आडवाटेने. बिल अहवालात जात नाही, पण बिल भरण्यासाठी केलेली उधारी जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार ॲपवरून दिलेले कर्ज कितीही लहान आणि कितीही थोड्या दिवसांचे असले तरी पतमाहिती कंपन्यांना कळवावेच लागते. तू काढणार होतीस ते १०,००० रुपयांचे कर्ज एखाद्या वित्तसंस्थेच्या नावाने अहवालात वेगळे खाते म्हणून दिसले असते, त्याच्या अर्जाची चौकशीही नोंदली गेली असती, आणि पगार तीन दिवस उशिरा झाला असता तर त्या चौकटीतले शून्य गेले असते.

कार्डाने बिल भरणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. मुदतीच्या आत पूर्ण रक्कम भरणाऱ्याला ते सोयीचे आहे आणि त्याने तुझा चांगला इतिहासही तयार होतो. अडचण येते ती ‘किमान देय रक्कम’ भरून समाधान मानण्यात, कारण उरलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते आणि लाइट, किराणा, इंटरनेट यांची मागच्या महिन्यातली बिले तू पुढचे कित्येक महिने फेडत राहतेस. एक दिलासा नियमात आहे, तो माहीत असू दे: देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय कार्ड कंपनीला तुझे खाते थकीत म्हणून कळवता येत नाही किंवा विलंबाचा आकार लावता येत नाही. परंतु तीन दिवसांनंतरही भरले नाहीस, तर विलंबाचे दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सूचना दिली असेल, तर कार्डाची मुदत संपली किंवा बँक बदलली की ती सूचना मुकाट्याने बंद पडते आणि आपल्याला वाटत राहते की बिल जात आहे. नवे कार्ड हातात आले की त्याच दिवशी फोन, ब्रॉडबँड आणि विम्याच्या सूचना नव्याने दे.

वीजबिल अहवालात जात नाही असे मी वर लिहिले, म्हणून ते राहू दे असे मात्र समजू नकोस. अहवालात नसलेली थकबाकी फायलीत दिसते. तू उद्या कर्जासाठी अर्ज करशील तेव्हा पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिलाची प्रत मागितली जाईल आणि सहा महिन्यांचे खाते उतारे मागितले जातील. मी ते बिल हातात घेतले की पत्ता वाचून झाल्यावर नजर आपोआप थकबाकीच्या रकान्यावर जात असे. खाते उताऱ्यावर हप्ता परत गेल्याचा दंड दोन-तीनदा दिसला की स्कोअर ७८० असला तरी मी अर्जदाराला चार प्रश्न जास्त विचारत असे. संगणक आकडा देतो, पण सही करणारा माणूस कागद वाचतो. गावाकडच्या पतसंस्थेत तर हे कागद वाचण्याचीही गरज नसते. कोणाच्या घराची वीज तोडली होती हे संचालकांना तोंडपाठ असते.

शिवाय वीज कंपनीकडे वसुलीचे स्वतःचे साधन आहेच. २००३ सालच्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ती पुरवठा तोडू शकते. याच कलमात ग्राहकाच्या बाजूचीही तरतूद आहे: पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती रक्कम मागता येत नाही, मात्र ती बिलांवर सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तरच. तुमच्या बाबतीत घरमालकांना आज संध्याकाळीच फोन करून खरी स्थिती सांग. त्यांना मीटर तोडायला आलेल्या माणसाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळणे केव्हाही बरे. तुझा आणि दुसऱ्या मैत्रिणीचा वाटा लगेच भरा. उरलेल्या रकमेसाठी थोडी मुदत द्यावी अशी विनंती महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात करता येते, आणि गेलेल्या मैत्रिणीचा वाटा तिच्या अनामत रकमेतून वळता करावा असे मालकांशी बोलून ठरवता येईल. ब्रॉडबँड कोणाच्या नावावर आहे हे तू लिहिलेले नाहीस. ते तुझ्या नावावर असेल, तर तिघींनी वापरलेल्या इंटरनेटचा सगळा भार तुझ्या एकटीच्या नावावर आहे, हे ओळखून जोडणी सोडताना राउटर परत केल्याची पावती आणि शेवटचे बिल हातात आल्याशिवाय घराची किल्ली देऊ नकोस.

तुझ्या वडिलांशीही एक विषय काढ. तुमच्या गावच्या घराचे वीजमीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, आणि मळ्यातल्या जुन्या खोलीची जोडणी कायमची तोडलेली आहे, असे ते मला एकदा बोलल्याचे आठवते. माणूस गेला तरी ती बाकी जागेला चिकटून राहते. जागा विकत घेणाऱ्याने नवी जोडणी मागितली तर आधीच्या मालकाची थकबाकी भरण्याची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मधल्या निकालात मान्य केले आहे. अशा कायमस्वरूपी तोडलेल्या जोडण्यांसाठी महावितरणने २०२४ साली अभय योजना आणली होती, त्यात मूळ बाकी भरणाऱ्यांचे व्याज आणि विलंब आकार माफ झाले. पुन्हा तशी संधी आली तर वडिलांनी ती सोडू नये, आणि घराचे मीटर तरी आता हयात माणसाच्या नावावर करून घ्यावे.

तू बँकांच्या लिपिक परीक्षेची तयारी करत आहेस म्हणून हेही लिहितो. त्या भरतीच्या जाहिरातीत उमेदवाराचा पत इतिहास रुजू होतेवेळी चांगला असावा अशी अट असते. ती परीक्षेच्या गडबडीत कोणी वाचत नाही. दोन वर्षे अभ्यास करून निवड झालेल्या मुलीची नेमणूक जुन्या फोनच्या बाकीपायी अडकू नये, एवढ्यासाठी तरी या आठवड्यात तुझा अहवाल काढ. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तो घे, ‘स्कोअर फुकट पाहा’ म्हणणाऱ्या ॲपवरून नको, कारण तिथे स्कोअरच्या मागोमाग कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तुझ्या नावावर आजवर एकही कर्ज नसल्यामुळे कदाचित आकड्याऐवजी ‘इतिहास नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल. त्याने खिन्न होऊ नकोस. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेले आहे.

अहवालात तुझी नसलेली किंवा भरून झालेली बाकी दिसली तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदव. त्याला पैसे पडत नाहीत. पतमाहिती कंपनी ती नोंद स्वतः पुसू शकत नाही, ज्या संस्थेने पाठवली तिच्याकडून खातरजमा करून घ्यावी लागते, म्हणून त्या संस्थेलाही पावतीसह स्वतंत्र लिही. बँक, वित्तसंस्था किंवा पतमाहिती कंपनी यांच्याकडून अशी तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मी नोकरीत असताना यातले काहीच नव्हते. सरांची ती ८६७ रुपयांची नोंद दुरुस्त व्हावी म्हणून मी स्वतः किती ठिकाणी फोन केले ते आठवले की तुमच्या पिढीच्या हाती आलेल्या या नियमांचे मोल मला फार वाटते.

अहवाल उतरवून घेतलास की आधी खात्यांची यादी पाहा, स्कोअर नंतर. त्यात फोन कंपनीचे खाते आहे का, असल्यास शेरा काय आहे आणि चौकटींत कोणते आकडे आहेत, ते मला कळव. नोंद अजून गेलेली नसेल तर आपण वेळेत आहोत. गेलेली असेल तर तक्रारीचा मसुदा मी लिहून देतो. कंपनीच्या दालनात जाताना जुन्या सिमचा नंबर, आधार कार्डाची प्रत आणि पोर्ट झाल्याचा संदेश सापडला तर तो बरोबर ने. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझा
काका